वरण, पेंड आणि निवळी

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे आले म्हणजे आपली नजर प्रथम तुपाकडे आणि साखरेकडे जाते. पण ताटाकडे एकदा हिशेबनिसाच्या डोळ्यांनी पाहावे. लाडू बेसनाचा, शेव बेसनाची. चकलीच्या भाजणीत हरभऱ्याची आणि उडदाची डाळ. चिवड्यात डाळे आणि शेंगदाणे. वर्षातला सर्वांत मोठा सण आपण निम्माशिम्मा कडधान्यावर साजरा करतो. यातला प्रत्येक जिन्नस वाण्याकडून आला, वाण्याकडे तो बाजारातून आला, आणि बाजाराला स्वतःचा इतिहास असतो. राजांच्या इतिहासाइतका तो गाजत नाही. पण राजे गेले तरी तो चालूच राहतो.

हा लेख अशाच एका बाजाराविषयी आहे. डाळ, दूध, शेंगदाणा, सोयाबीन, अंडे, सुकी मासळी, आणि आता औषधांच्या दुकानात व व्यायामशाळेच्या काउंटरवर दिसणारे ते मोठमोठे डबे, या सर्वांत जे एक समान तत्त्व विकले जाते त्याला आपण प्रथिन म्हणतो. हे नाव तसे अलीकडचे. १८३८ साली मुल्डर नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने ते छापून प्रसिद्ध केले; सुचवले होते त्याच्या स्वीडिश मित्राने, बर्झेलियसने. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'पहिल्या क्रमांकाचे' असा. मराठी शब्द घडवणाऱ्यांनीही मोठे चातुर्य दाखवले. 'प्रथिन' म्हटले की कानाला 'प्रथम' ऐकू येते. त्यापूर्वी आपल्याकडे एकच शब्द होता, खुराक. पहिलवानाचा खुराक, बाळंतिणीचा खुराक, बैलाचासुद्धा खुराक!

या बाजाराचा गेल्या शंभर वर्षांचा प्रवास पाहू लागले की एक मोठी चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. ज्या ज्या प्रथिनाने मोठी बाजारपेठ काबीज केली, ते ते बहुधा दुसऱ्या कशाचे तरी उरलेसुरले होते. लोणी काढून उरलेले दूध, तेल काढून उरलेली पेंड, चीज करून उरलेली निवळी! आणि जी डाळ माणसाने माणसाच्या ताटासाठीच पिकवली ती मात्र या शर्यतीत मागे राहिली. असे का झाले, आणि त्यात कोणाचे काय गेले, हे ठाणे-कल्याणच्या ओट्यावर बसून पाहण्यासारखे आहे. कारण या इतिहासातली बहुतेक पात्रे आपल्या दारावरूनच गेली आहेत.

कल्याण हे बंदर म्हणून दोन हजार वर्षे जुने. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तकात त्याचे नाव आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. दाते दान देतात म्हणजे गावात पैसा होता, आणि पैसा होता म्हणजे बाजार होता. पण या भागातल्या गरिबाच्या प्रथिनाला मोठ्या बाजाराची गरज नव्हती. ते शेतात आणि खाडीत होते.

शेतात होता वाल. भाताची कापणी झाली की जमिनीत जो ओलावा उरतो, तेवढ्यावरच हे पीक येते. पाट नको, मोट नको. मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याण या सगळ्या पट्ट्यात भातानंतर वाल हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. शिवाय कडधान्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत साठवतात, त्यामुळे पुढच्या भाताची बेगमी आपोआप होई. भात शेताचे घेई आणि वाल परत देई, असा तो शेजारधर्म होता. कडव्या वालांना मोड आणून, एकेक सोलून केलेले बिरडे ही ठाणे-कल्याणच्या घरांची ओळख. सोलण्याचे काम किचकट. पण चार बायका एकत्र बसल्या की वालही सोलून होत आणि गावची खबरबातही!

खाडीत आणि समुद्रात होती मासळी. ओली मासळी ज्याला परवडे तो ती खाई. पावसाळ्याचे चार महिने मात्र सर्वांचा आधार सुक्या बोंबलाचा, सुकटीचा, जवळ्याचा. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, वसई, अर्नाळा, सातपाटी या ठिकाणी मांडवांवर वाळत घातलेले बोंबील म्हणजे शास्त्राच्या भाषेत अत्यंत घट्ट केलेले प्रथिन होय. सुक्या बोंबलात शेकडा साठ भागांच्या आसपास प्रथिन असते. तुरीच्या डाळीत ते बावीसच्या घरात, शेंगदाण्यात पंचवीसच्या, सोयाबीनमध्ये चाळिसाच्या. म्हणजे आज डब्यावर मोठ्या अक्षरांत जी टक्केवारी छापतात, तिच्या जवळपास आपली कोळीण पाटीतून घेऊन फिरत होती, आणि वर भावात घासाघीसही सोसत होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ साली, ती कल्याणला पोहोचली. काही वर्षांत बोरघाट व थळघाट फोडून रूळ वर गेले आणि कल्याण हा दोन वाटांचा सांधा झाला. एका वाटेने पुणे-सोलापूरकडचे धान्य, दुसरीने खानदेश-वऱ्हाडकडचे. देशावरची तूर आणि हरभरा कोकणपट्टीच्या वाण्याकडे नियमाने येऊ लागला. वालाचे बिरडे सणाला राहिले आणि रोजच्या ताटात तुरीचे वरण आले. घरच्या शेतातले प्रथिन हळूहळू दुकानातले झाले. या गोष्टीची दवंडी कोणी पिटली नाही. पण बाजाराच्या इतिहासात याहून मोठी क्रांती नाही. कारण त्या दिवसापासून ताटातल्या वरणाची पातळी पावसावर जितकी ठरे, तितकीच भावावरही ठरू लागली.

आता दुधाकडे वळू. कल्याणच्या जुन्या वस्तीतला दूधनाका आपले नाव अजून सांभाळून आहे. आसपासच्या गावांतले दूध हंड्या-घागरींतून यावे आणि तिथे त्याचा भाव ठरावा, अशी ती पद्धत. मुंबईचे दूध मात्र मुंबईतच, शहराच्या मधोमध असलेल्या तबेल्यांतून येई. त्यात पाणी किती आणि दूध किती हा संशोधनाचाच विषय होता. दुसऱ्या महायुद्धात शहराची वस्ती फुगली, रेशन आले, आणि सरकारला दुधात लक्ष घालणे भाग पडले. १९४५ साली गुजरातेतील आणंदहून मुंबईला दूध आणण्याची योजना सुरू झाली. तिचा मक्ता एका खाजगी डेअरीला मिळाला आणि शेतकऱ्यांच्या पदरात काही पडेना, तेव्हा १९४६ साली खेडा जिल्ह्यात शेतकऱ्यांचा सहकारी संघ उभा राहिला. पुढे 'अमूल' म्हणून जगभर गाजला तो हाच. त्याचे पहिले मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपली मुंबई.

इकडे १९४९ मध्ये आरे वसाहत सुरू झाली आणि शहरातल्या हजारो म्हशी गोरेगावच्या टेकड्यांत राहायला गेल्या. या योजनेचे सूत्रधार दारा खुरोडी. त्यांनी एक साधी पण दूरदृष्टीची युक्ती काढली. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर, शेकडा सहा-सात. त्यात पाणी आणि लोणी काढलेल्या दुधाची भुकटी मिसळली तर स्निग्धांश तीनवर येतो, प्रथिन कमी होत नाही, दूध जवळजवळ दुप्पट होते आणि भाव उतरतो. हेच 'टोन्ड' दूध. निळ्या झाकणाच्या, पांढऱ्या झाकणाच्या आठवणी ज्यांच्याकडे आहेत, त्यांना आरेच्या केंद्रापुढची पहाटेची रांग सांगावयास नको.

पण ती भुकटी यावयाची कोठून? परदेशातून. युरोप-अमेरिकेत लोणी काढल्यावर जे दूध उरे ते पूर्वी डुकरांना घालीत. युद्धानंतर त्याची भुकटी करून कोठारे भरली, आणि कोठारे ओसंडू लागली तेव्हा ती मदत म्हणून गरीब देशांकडे निघाली. युनिसेफच्या हाती आलेल्या भुकटीचे दूध त्या काळात देशातील अनेक शाळांतून मुलांना मिळाले. दान होते हे खरे; तसेच ते कोणाचे तरी अडगळीत पडलेले होते हेही खरे. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असता आणंदच्या एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली, आणि १९५५ साली तिथे कारखाना उघडला, तेव्हा या परावलंबनाला पहिला तडा गेला. १९७० साली दूधमहापूर योजना सुरू झाली तीही परदेशी दानावरच. पहिल्या टप्प्यात १ लाख २६ हजार टन भुकटी आली. फरक एवढाच की ती वाटून न टाकता तिचे दूध करून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे विकले आणि त्या पैशातून देशी गवळ्याची डेअरी उभी केली. १९९८ साली भारत जगातला सर्वांत मोठा दूध-उत्पादक देश झाला. उरलेसुरले दान घेऊन त्याचे भांडवल करणे, हा या इतिहासातला सर्वांत शहाणा सौदा म्हणावा लागेल.

दुसरे उरलेसुरले म्हणजे पेंड. शेंगदाण्याचे तेल काढले की मागे राहते ती पेंड; तीत प्रथिन चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे ती म्हशीला घालण्याची रीत. स्वातंत्र्य मिळाल्यावर, अन्नाची टंचाई सारखी डोक्यावर असताना, शास्त्रज्ञांना प्रश्न पडला की ही पेंड माणसाने का खाऊ नये? १९५० साली म्हैसूरला अन्नतंत्राची केंद्रीय संस्था निघाली. तिने शेंगदाण्याच्या पेंडीचे स्वच्छ पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचे पीठ एक भाग असे मिश्रण करून, त्यात जीवनसत्त्वे घालून 'बहुगुणी अन्न' तयार केले. शास्त्र चोख होते. परंतु लोकांच्या जिभेला ते रुचले नाही, आणि 'गरिबांसाठी' असे लेबल लागलेली वस्तू गरिबालाही नको असते, हे मानी सत्य योजनाकारांना उशिरा उमगले. त्यातच १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तेव्हा बुरसटलेल्या शेंगदाणा-पेंडीतले विष सापडले. अफ्लाटॉक्सिन हे त्याचे नाव. मग पेंडीच्या पिठाकडे सारे जग संशयाने पाहू लागले.

मात्र शेंगदाण्याने दुसऱ्या दाराने प्रवेश केला. आजाऱ्याला, बाळंतिणीला डॉक्टरांनी लिहून दिलेला प्रोटिनेक्सचा डबा पुष्कळ घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर असे. त्यातून चमचाभर मोजून घेताना फार थोड्यांना ठाऊक असे की आतले मुख्य द्रव्य म्हणजे पचनास हलके केलेले शेंगदाण्याचे प्रथिन होय. गोणपाटातला शेंगदाणा टिनात शिरला, त्याला वैद्याची चिठ्ठी मिळाली, आणि त्याची जातच बदलली! २०१२ साली हा डबा फ्रान्सच्या दानोन कंपनीच्या मालकीचा झाला. हे सांगण्यात कोणाला हिणवण्याचा हेतू नाही. आजाऱ्याला पचेल असे अन्न हवेच असते. पण बाजाराचा एक नियम येथे शिकावयास मिळतो. एकच वस्तू पोत्यात असता अन्न ठरते आणि डब्यात गेली की औषध. आणि भाव ठरतो तो या पोशाखावर.

तिसरे पात्र सोयाबीन. याची महाराष्ट्राशी पहिली गाठ शेतात पडली नाही, आश्रमात पडली. १९३५ च्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनचे प्रयोग केले व 'हरिजन' पत्रात त्याविषयी लिहिले. गरिबाला दुधाची जागा भरून काढणारे काही मिळेल का, हा त्यांचा शोध. त्याच सुमारास बडोदे संस्थानातले एफ. एस. काळे यांनी सोयाबीनवर इंग्रजीत मोठे पुस्तक लिहिले. ते १९३६ साली प्रसिद्ध झाले. पण घरच्या चुलीवर सोयाबीन शिजेना, त्याचा उग्र वास जाईना, आणि प्रकरण तिथेच थांबले. साठीच्या दशकात पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी अमेरिकन तज्ज्ञांच्या साहाय्याने नवे वाण लावून पाहिले. माळव्यात ते रुजले आणि नंतर विदर्भ-मराठवाड्यात पसरले. आज मध्य प्रदेश व महाराष्ट्र ही देशातली सोयाबीनची दोन मोठी राज्ये आहेत.

गांधीजींची इच्छा मात्र निराळ्याच रीतीने पुरी झाली, किंवा झालीच नाही असेही म्हणता येईल. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा-वीस टक्के. गिरणीतून बाहेर पडणाऱ्या मालात पाचांतले चार भाग पेंड. ती पेंड जहाजांत भरून परदेशी गेली, तिथल्या कोंबड्यांना व डुकरांना मिळाली, आणि देशाला परकीय चलन मिळाले. पुढे आपल्याच देशात कोंबड्या वाढल्या. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली अंडी उबवण्याचा मोठा धंदा उभारला आणि १९८२ साली अंडी-उत्पादकांची समन्वय समिती काढून अंड्याचा भाव व्यापाऱ्याच्या हातून उत्पादकाच्या हाती आणला. दूरदर्शनवर सोमवार-रविवार रोज अंडे खाण्याचा उपदेश घुमू लागला. या कोंबडीच्या पोटात सोयाबीनची पेंड आहे, आणि सुकटीचा कूटही आहे. म्हणजे ज्या सुकटीवर कोळ्या-कुणब्याचा पावसाळा निघे, ती आता कोंबडीच्या खाद्यात जाऊ लागली आणि अंड्याच्या रूपाने शहराच्या ताटात आली. सोयाबीन माणसाच्या ताटात सरळ आले ते वड्यांच्या रूपाने. वसतिगृहाच्या आमटीत तरंगणाऱ्या त्या स्पंजासारख्या वड्या कोण विसरेल?

आणि डाळ? हिची कथा मनाला चटका लावणारी आहे. १९५१ साली दरडोई दरदिवशी सुमारे ६१ ग्रॅम कडधान्य देशात उपलब्ध होते. १९६१ साली ते ६९ ग्रॅमपर्यंत चढले. मग हरितक्रांती आली. गहू-तांदळाला पाणी मिळाले, खत मिळाले, नवे बियाणे मिळाले, आणि मुख्य म्हणजे सरकारी खरेदीची खात्री मिळाली. कडधान्य कोरडवाहू जमिनीवर लोटले गेले. महाराष्ट्रात पाटाचे पाणी उसाकडे गेले. २००१ साली आकडा ३० ग्रॅमवर आला. चाळीस वर्षांत ताटातले वरण निम्म्याहून कमी झाले! भूक हटवल्याचे श्रेय हरितक्रांतीला दिलेच पाहिजे. पण पोटात भाकरी पोहोचली आणि तिच्यासोबतची आमटी पातळ झाली, हेही लिहून ठेवले पाहिजे. नंतर उत्पादन वाढले व आकडा पुन्हा चाळिसांच्या वर गेला, पण १९६१ ची पातळी काही परत आली नाही.

कमतरता भरून काढण्यासाठी डाळ बाहेरून येते. तूर म्यानमारहून व आफ्रिकेतून, मसूर व वाटाणा कॅनडा-रशियाकडून. २०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर घेण्याचा करार झाला. त्याच हंगामात आपल्या शेतकऱ्याने भावाच्या आशेने इतकी तूर पेरली की देशाचे पीक जवळजवळ दुप्पट झाले, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या खरेदी-केंद्रांपुढे पोत्यांच्या रांगा लागल्या. २०१७ च्या नोव्हेंबरात पिवळ्या वाटाण्यावर पन्नास टक्के जकात बसली. २०२३ च्या डिसेंबरात ती साफ उठली. जकात उठली की डोंबिवलीच्या गृहिणीला हायसे वाटते आणि लातूरच्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. जकात बसली की उलट. दोघेही आपलेच. सरकार कोणतेही असो, या तराजूचा काटा मध्यावर फार दिवस उभा राहिलेला नाही. २०२४ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला बाजारात त्याहून कितीतरी कमी भावाने माल विकावा लागला. ज्या दाण्यातल्या प्रथिनाचे शहरात एवढे कौतुक, त्या दाण्याच्या धन्याची ही स्थिती.

येथे एका मराठी माणसाचे स्मरण केल्यावाचून पुढे जाणे अयोग्य होईल. साताऱ्याकडील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, रोमला, सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्या काळात सारे जग 'प्रथिनांची टंचाई' या शब्दांनी भारले होते. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा देणारा अहवालच काढला. मासळीचे पीठ, पेंडीचे पीठ, तेलावर वाढवलेले सूक्ष्म जंतू, काय काय सुचवले जात होते! सुखात्म्यांनी आकडे मांडून शांतपणे दाखवले की, भारतातला गरीब जे जेवतो ते भाकरी-डाळीचे जेवण त्याला पोटभर मिळाले, तर त्यातले प्रथिन बहुधा पुरते. तूट आहे ती एकूण जेवणाचीच. पोट भरले नाही तर शरीर प्रथिनच सरपणासारखे जाळते, मग वर कितीही चूर्ण घाला. हैदराबादच्या पोषणसंस्थेत डॉ. गोपालन यांचे मुलांवरचे प्रयोगही त्याच दिशेला गेले. १९७४ साली मॅक्लारेन या शास्त्रज्ञाने 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात या साऱ्या प्रकरणाला 'प्रथिनांचा महाफज्जा' म्हणून झोडपले. प्रश्न डब्याचा नाही, ताटाचा आहे, असे सांगणाऱ्यांत आपला एक सातारकर पुढे होता, ही अभिमानाची गोष्ट.

तरीही डबा पुन्हा आला, आणि या खेपेस मोठा होऊन आला. त्यातले द्रव्य तिसरे उरलेसुरले, निवळी. दहा लिटर दुधाचे साधारण एक किलो चीज होते व नऊ लिटर निवळी उरते. ती युरोपात पूर्वी डुकरांना घालीत वा नदीत सोडीत. नद्या नासू लागल्या तेव्हा कायद्याने मनाई आली. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अतिसूक्ष्म पडद्यातून ती गाळून तिच्यातले प्रथिन अलग करण्याची विद्या निघाली. अशा पडद्यांच्या शास्त्राचा पाया १९६० च्या सुमारास अमेरिकेत लोब आणि सौरीराजन या दोघांनी घातला. पैकी सौरीराजन आपल्या देशातले. लिटरभर निवळीत प्रथिन पाच-सहा ग्रॅम. म्हणजे एक किलो चूर्णासाठी शंभरावर लिटर निवळी गाळावी लागते. आपल्याकडे चीज व पनीर यांचा खप वाढला तशी निवळीही वाढली. पुणे जिल्ह्यातील मंचरच्या डेअरीने आपला देशी डबा बाजारात आणला, अमूलनेही आणला. आता ताक, लस्सी, पनीर यांच्या वेष्टनांवरही प्रथिनाचे ग्रॅम मोठ्या अक्षरांत झळकतात.

वर्गातल्या एका मुलाची आई मला मध्यंतरी विचारीत होती, "सर, हा जिमला जातो. डबा आणा म्हणून मागे लागलाय. दोन-तीन हजारांचा आहे. आणू का?" डोंबिवलीची सकाळची गर्दीची लोकल पकडून नोकरी करणारी ती बाई. तिच्या प्रश्नात थट्टेचा विषय काही नव्हता. मुलाचे अंग भरावे ही इच्छा खुराकाइतकीच जुनी आहे. मी तिला फळ्यावर करावा तसा हिशेब करून दाखवला. राष्ट्रीय पोषणसंस्थेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरे. ५५ किलोच्या माणसाला झाले सुमारे ४६ ग्रॅम. दिवसाचे तीनशे ग्रॅम तांदूळ-गहू-ज्वारी मिळून २५-२६ ग्रॅम. पन्नास ग्रॅम डाळ, ११ ग्रॅम. पेलाभर दूध, ७ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ७ ग्रॅम. बेरीज पन्नाशीला टेकते. त्यात अंडे पडले तर सहा ग्रॅम वर. शिवाय भातात ज्या घटकाची उणीव ती वरण भरून काढते आणि वरणात ज्याची उणीव ती भात. ही जोडी कोणा रसायनज्ञाने जमवलेली नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी जमवली. डब्यांचे म्हणाल तर २०२४ साली देशात विकल्या जाणाऱ्या ३६ चूर्णांची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांच्या वेष्टनावर लिहिलेले प्रथिनाचे प्रमाण खरे नव्हते. त्याच वर्षी पोषणसंस्थेनेही अशी चूर्णे टाळण्याचा सल्ला दिला. बाईंनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हणजे ताट भरलेलं हवं." सुखात्म्यांनी सांगितलेली गोष्ट तिने चार शब्दांत सांगितली.

पण ज्यांचे ताट भरलेले नाही त्यांचे काय? या इतिहासाचा खरा सवाल हा आहे. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश दिला, आणि त्यात प्रथिनाचे मापही घातले. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला दुपारच्या जेवणात १२ ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलाला २० ग्रॅम असे ते माप आहे. महाराष्ट्रात २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरले. २०२५ च्या जानेवारीत सरकारने त्याचा पैसा थांबवला आणि अंडी हवी असतील तर लोकवर्गणीतून द्या असे सांगितले. एक अंडे, सहा ग्रॅम. ज्या राज्याच्या शहरांत निवळीचे डबे हजारांच्या भावाने खपतात, त्या राज्यात मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरच्या मुलाचे ते सहा ग्रॅम वर्गणीवर अवलंबून राहिले. बाजाराला याचे वाईट वाटत नाही. बाजार मागणी पाहतो, आणि मागणी म्हणजे भूक नव्हे. खिशात पैसे असलेली भूक म्हणजे मागणी. उरलेल्या भुकेची काळजी बाजाराबाहेरच्या कोणीतरी वाहावी लागते.

कल्याण-डोंबिवलीच्या पालिकेत २०११ च्या शिरगणतीत साडेबारा लाखांच्या जवळपास माणसे होती. आज ती कितीतरी वाढली असणार. ज्या खाचरांत भातानंतर वाल उगवे तिथे इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत आपणच राहतो. तेव्हा कोणाला बोल लावणार? पण मुरबाड-शहापूरकडे अजून वाल पेरला जातो, आणि हंगामात तो कल्याणच्या बाजारात येतो. भाव डाळीपेक्षा चढा असतो, सोलायला वेळ लागतो, आणि सांगण्यासारखी जाहिरात त्याच्यापाशी नाही. तरी यंदा भाऊबिजेला भाऊ घरी आला म्हणजे एक वेळ बिरडे करावे. वाल सोलायला भावालाही बसवावे. हातही चालतील आणि गप्पाही. उरलेली टरफले गाईला घालावी. पेंड असो की टरफल, ती तिचा वाटा आहे. ताटातला वाटा माणसाच्या मुलाचा, आणि तो आपल्या मुलापुरताच धरून चालणार नाही.